साडभाऊंचा पांढरा कोळसा

युरोपने पुण्याला फसवलं, पुण्याने माझ्या साडूला फसवलं आणि माझ्या साडूने मला. मी मात्र कोणालाच फसवू शकलो नाही, कारण या उतरंडीत माझ्या खाली कोणी उरलंच नव्हतं. खोटं बोलून फसवणारे आमच्या वाशीम जिल्ह्यात काही कमी नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांशी माझा रोजचा व्यवहार आहे आणि त्यांच्यापासून खिसा कसा सांभाळायचा ते मला चांगलं कळतं. पण खरं बोलून, निव्वळ खरं, काट्यावर तोलून खरं बोलून समोरच्याला मातीत घालणारा माणूस सबंध वऱ्हाडात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने पसंत करून ठेवला होता.

आम्ही त्यांना साडभाऊ म्हणतो. राहणार केनवडचे, आणि जन्मभर नोकरी वजनमापे खात्यात. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं. अशी नोकरी केलेली माणसं मी दुसरीही पाहिली आहेत. ती निवृत्त झाली की शेतात जातात, नातवंडं खेळवतात, गावच्या राजकारणात पडतात. साडभाऊ नोकरीतून निवृत्त झाले, पण मोजण्यातून झाले नाहीत. त्यांच्या कापडी पिशवीत एक हाताएवढा स्प्रिंगचा ताणकाटा कायम असतो. वर कडी, खाली आकडा, मधे घासून घासून पुसट झालेले अंक. ते आठवडी बाजारात भाजी घ्यायला जात नाहीत, तपासायला जातात. वांगेवालीने तोललेली वांगी हातात आली की ते बाजूला होतात, काटा काढतात, पिशवी आकड्याला लटकवतात आणि डोळे बारीक करून बघतात. कमी भरलं तर परत जातात हे कोणीही समजू शकेल. पण जास्त भरलं तरीही परत जातात. एकदा एका म्हातारीने ओळखीची माणसं म्हणून दोन वांगी वर टाकली होती, तर साडभाऊंनी ती तिच्या टोपल्यात नेऊन ठेवली.

"राहू द्या न भाऊ," ती म्हणाली, "म्या खुशीनं देल्ले."

"खुशी काट्यावर येत नाही ना बाई. जास्ती देनं बी चूकच हाये."

"मंग तुमी कायले येता बजारात? काटा पाठवून देत जा!"

यावर आजूबाजूच्या सगळ्या बाया हसल्या, पण साडभाऊ हसले नाहीत. काटा एकटा पाठवता येईल का याचा ते खरोखर विचार करत होते, अशी माझी खात्री आहे.

त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं हीसुद्धा एक तपासणीच असते. लहान मूल दारात आलं की त्याला धोतराच्या झोळीत घालून आधी काट्याला लटकवायचं. मूल माहेरी जाऊन आलेल्या सुनेचं असेल तर जाण्याआधीचं आणि आल्यानंतरचं असं दोनदा. एकदा असंच त्यांनी भर ओट्यावर जाहीर केलं, "मामाच्या घरी पोरगं उतरलं बुवा." सुनेच्या आईने तीन गावं पलीकडे ते ऐकलं आणि दिवाळीपर्यंत दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. माझ्या पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी बुंदीचा लाडू आकड्याला लावायचा प्रयत्न केला. लाडू फुटला. नवरदेवाकडच्या माणसाने विचारलं, "काहून, काही कमी आहे का?" साडभाऊ अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "आता सांगता येत नाही. नमुना फुटला."

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण माझं वाटोळं तिच्यामुळेच झालं. नोकरीत असताना साडभाऊंचा एक नियम होता: मालाचं नाव मालकाच्या तोंडचं, वजन आपल्या काट्याचं. दुकानदार ज्या नावाने वस्तू विकतो तेच नाव लिहायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. अनसिंगच्या एका दुकानात कोणी तरी भूत पळवायची भुकटी पुडीत बांधून विकत होता. साडभाऊंनी तपासणीत लिहिलं, "भूतभगाव पावडर, वजन बरोबर." त्यांच्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे? साडभाऊ म्हणाले, "साहेब, भूत भागते का नाही, ते आपल्या खात्यात येत नाही. पुडीतलं वजन येते. ते बरोबर हाये." साहेबांनी सही केली. त्या सहीने साडभाऊंची जन्माची खात्री झाली की नावाला काही वजन नसतं.

आता मी. मी लोहाराच्या भात्यापासून सुरुवात केली. बाजारात फाळ ठोकून विकले, मग भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि आता वाशीमच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्वतःचा कारखाना आहे. आम्ही यू-बोल्ट करतो. जाड सळई कापायची, भट्टीत लाल करायची, यू अक्षरासारखी वाकवायची, दोन्ही टोकांना आटे पाडायचे. ट्रॉलीच्या धुऱ्याला स्प्रिंगचे पाटे आवळून धरणारी ती वस्तू. आधी माझे बोल्ट ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना लागत, मग पुण्याच्या एका निर्यात करणाऱ्या कंपनीने उचलले आणि ते युरोपातल्या मोठ्या मालट्रकांना लागू लागले. हे सगळं मी शिक्षणाने नाही, तोंडाने मिळवलं. सळईवाला एक भाव सांगतो, मी निम्मा सांगतो, तो उठतो, मी उठतो, दोघं चहा घेतो, मग खरा भाव निघतो. जगात पहिला सांगितलेला आकडा कधीच खरा नसतो, यावर माझा संसार उभा आहे. आणि साडभाऊंचा पहिला आकडा हाच शेवटचा असतो. अशी दोन माणसं एकाच सासऱ्याच्या दोन मुली करतात, यापरता विनोद नाही.

तर त्या पुण्याच्या कंपनीकडून एक निरोप आला: "आपल्या उत्पादनाचे प्रतिटन उत्सर्जन तात्काळ कळवावे." मी बाहेर होतो. निरोप आमच्या हेडमिस्त्रीने वाचला. तो शाळेत जितका गेला तितक्यात त्याला उत्सर्जन हा शब्द एकाच धड्यात भेटला होता, आणि त्या धड्यात मूत्रपिंडाचं चित्र होतं. मी परत आलो तर कामगारांचे संडास चुना मारून पांढरे झालेले, फिनाइलचा वास फाटकापर्यंत, आणि मिस्त्री हात पुसत उभा.

"शेठ, येऊ द्या आता कोन येते तपासाले. पन टनाचा हिशेब कायले मागून राह्यले, ते काही समजलं नाही."

मी पुण्याच्या मॅडमला फोन लावला. ही बाई हुशार, बोलायला गोड, पण भावात टणक. तिने समजावून सांगितलं ते असं: युरोपात आता बाहेरून येणाऱ्या लोखंडाच्या मालावर, तो माल तयार होताना हवेत किती कार्बन वायू गेला त्या हिशेबाने, सीमेवर भार बसणार. ज्याचा धूर जास्त त्याचा माल महाग. जो मोजून सांगणार नाही त्याच्यासाठी ते आपल्या मनाचा आकडा धरणार, आणि त्यांचं मन काही दिलदार नाही. तिकडचा गिऱ्हाईक म्हणून सगळ्या पुरवठादारांचे आकडे मागवत होता. ज्याचा आकडा कमी, येत्या हंगामाची बोल्टची ऑर्डर त्याची. आणि ती ऑर्डर म्हणजे माझा अर्धा कारखाना.

"बरं," मी म्हणालो, "बाकीचे काय सांगून राह्यले?"

"म्हणजे?"

"म्हंजे बजारात धुराचा काय भाव चालू हाये?"

"सर, हा भाव नाही. हे मोजमाप आहे."

"मोजमापच बाई. पन शेवटचं किती धराल?"

मॅडम म्हणाली, मोजूनच द्या, ऑर्डर दिल्यावर तिकडून कोणाला तरी तपासायला पाठवतील. पुण्यात ही मोजणी करून देणारे सल्लागार निघाले आहेत. एकाशी बोललो. त्याने आपली फी सांगितली तेव्हा मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, वाटलं ऐकण्यात चूक झाली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात साडभाऊ आले. रिकामे आहेत, मोजायची हौस आहे, विज्ञान घेऊन शिकले आहेत, आणि मुख्य म्हणजे घरचे आहेत. घरचा माणूस समजून घेतो. मी त्यांना तसं सांगितलंही, "साडभाऊ, जरा समजून घ्या."

ते म्हणाले, "समजून घ्यायले आधी मोजा लागते."

दुसऱ्या दिवसापासून ते केनवडहून एसटीने येऊ लागले. डबा, पाण्याची बाटली, काटा. माझ्या कारखान्यात इतकी अशांतता मालक असूनही मी कधी निर्माण करू शकलो नव्हतो. भट्टीत जाणारं प्रत्येक पोतं आधी साडभाऊंच्या आकड्याला लागायचं. सळईच्या कापलेल्या तुकड्यांचं वजन, आटे पाडताना निघालेल्या किसाचं वजन, फरशीवरच्या झाडझुडीचं वजन. चहाच्या गॅसच्या टाकीपाशी ते बराच वेळ थांबले: हा चहा बोल्टसाठी होतो की माणसांसाठी? मी ओरडलो, "माणसांसाठी!" तर म्हणाले, "मानसं बोल्टसाठी हायेत ना?" हातोड्यावरच्या एका गड्याला त्यांनी विचारलं, दिवसाला बिड्या किती? त्या बिचाऱ्याला वाटलं बिडीचा धूरही शेठच्या नावावर चढतो. तो लिंबाच्या झाडामागे जाऊन लपून ओढू लागला, आणि मी एकदा त्याच्या मागे गेलो तर म्हणाला, "शेठ, हे युरोपले सांगू नका." मला एका जागी बसवत नव्हतं. फाटकापर्यंत जायचो, परत यायचो, फोन बघायचो. बाकीच्या पुरवठादारांचे आकडे पोचले असतील, आणि आमचे साडभाऊ झाडू लटकवून बघतायत!

शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "शेठ, तुमच्या भट्टीचं काहीच नाही. खरा धूर सळईत हाये." सळई येते जालन्याहून. ती ओतताना जो धूर झाला तोही माझ्या बोल्टच्या पोटात धरतात, असा नियम. लोखंड जालन्याचं, कारखाना दुसऱ्याचा, आणि धूर माझ्या नावावर! मी त्या नियमाला शिव्या घातल्या. साडभाऊंना मात्र तो नियम फार आवडला. ते एसटीने जालन्याला गेले आणि सळईवाल्याच्या फाटकावर उभं राहून विचारू लागले, तुमचा धूर किती. त्यांना हाकलून दिलं. ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. पुन्हा हाकललं. तिसऱ्या वेळी सळईवाल्याने मला फोन केला, "तुमचा एक माणूस माझ्या फाटकावर जेवून राह्यला. त्याले आकडा देऊ का पोलीस बोलावू?" मी म्हणालो, आकडा द्या, आणि सळईच्या भावाचंही त्याच फोनवर बोलून घेऊ. त्या फोनवर मी चांगला भाव पाडून घेतला हे इथे नमूद करतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला तो एकच फायदा.

आणि भट्टीचं काहीच नाही, असं साडभाऊ का म्हणाले, ते ऐका. माझी भट्टी पांढऱ्या कोळशावर चालते. शहरातल्या माणसाला हे नाव ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सोयाबीन काढल्यावर उरतं ते कुटार आणि कापूस वेचल्यावर उरतात त्या पऱ्हाट्या. हे दळून, यंत्रात दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या करतात. रंग फिकट पिवळा. कोळशाच्या जागी जळतो म्हणून कोळसा आणि काळा नाही म्हणून पांढरा. आमच्याकडे विकणारा, विकत घेणारा, ट्रकवाला, सगळे त्याला पांढरा कोळसाच म्हणतात. मी तो स्वस्त पडतो म्हणून आणला होता. पण साडभाऊ वाचून आले होते की शेतातल्या अशा उरल्यासुरल्याचा धूर त्या हिशेबात शून्य धरतात.

"शून्य? म्हंजे माह्या भट्टीचा धूर फुकट?"

"फुकट नाही शेठ, फिटला. सोयाबीननं हवेतून घेतलं होतं, जाळल्यावर हवेले वापस देल्लं. दोन्ही पारडे बराबर."

हे सांगतानाचा त्यांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. सगळा जन्म दोन पारडी सारखी करण्यात गेला त्या माणसाचा. आणि इथे त्याला एक काटा असा दिसला होता की त्याच्या एका पारड्यात सबंध जिल्ह्याचं सोयाबीन आणि दुसऱ्यात आकाश, तरी दांडी सरळ. ते भट्टीसमोर उभे राहून बराच वेळ आगीकडे बघत होते. मी तेव्हा मनात ऑर्डरचा भाव वाढवत होतो. जालन्याची सळई सगळ्यांचीच. पण भट्टी शून्य असलेला मी एकटाच!

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "शेठ, इंधनाचं नाव काय सांगू?" मी दुसऱ्या फोनवर होतो. म्हणालो, "पांढरा कोयसा. दुसरं काय?" आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो, हेही सांगून ठेवलं पाहिजे.

मग मॅडमचा फोन आला. साडभाऊ माझ्या केबिनमध्ये बसून एकेक आकडा सांगत होते, मी समोर येरझाऱ्या घालत होतो. मला साडभाऊंचीच बाजू ऐकू येत होती, मॅडमची मागाहून तिच्याकडून कळली.

"इंधन काय वापरता, काका?"

"पांढरा कोयसा."

"कोयता? नाही काका, इंधन विचारतेय मी."

"कोयसा, कोयसा! जाळाचा कोयसा."

"हां, कोळसा. कुठला?"

"पांढरा."

"रंग नको काका, प्रकार सांगा."

"प्रकारच सांगून राह्यलो न बाई. पांढरा."

"दगडी आहे का?"

"नाही."

"लाकडी?"

"नाही."

"मग माझ्याकडच्या यादीत 'इतर कोळसा' एवढंच उरतंय. ते टाकते. वजन सांगा."

आणि साडभाऊंनी वजन सांगितलं. अगदी बरोबर, शेवटच्या पोत्यापर्यंत. नाव मालकाच्या तोंडचं होतं, वजन त्यांच्या काट्याचं होतं. त्यांचं समाधान झालं. 'कुटार' हा एक शब्द, आमच्या गावातल्या शेळीलाही समजतो तो शब्द, त्यांनी तोंडातून काढला नाही, कारण मालकाने तो उच्चारला नव्हता!

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. 'इतर कोळसा' म्हणजे काय हे तिकडे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्याला सगळ्यांत वाईट कोळशाचा धूर लावतात. सगळ्या पुरवठादारांत माझे बोल्ट सगळ्यांत काळे निघाले. ज्याची भट्टी शून्य, तो यादीत तळाला. ऑर्डर पंजाबातल्या एका कारखान्याला गेली. मॅडमने त्या 'इतर'सकट हे सगळं फोन करून सांगितलं. मग मोटारसायकल काढली ती थेट केनवड.

साडभाऊ ओट्यावर शेंगा फोडत होते. मी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साडभाऊ, माह्यं घर काहून बुडवलं?"

माझी मेव्हणी पदर खोचत बाहेर आली. "काय झालं भाऊजी? आधी पानी तं घ्या."

"पानी नको! याहीले इचारा, कोयशाले कोयसा कायले म्हटलं?"

"कोयशाले नाही तं कायले म्हनतीन?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं. त्या घरात सगळ्यांचं खरंच असतं, तोच तर ताप आहे.

मी सगळं सांगितलं. साडभाऊ ऐकत होते. 'इतर' हा शब्द आला तसा त्यांचा शेंगेवरचा हात थांबला. "इतर?" ते म्हणाले. "म्या इतर म्हटलं नाही. म्या पांढरा म्हटलं. इतर नावाची वस्तू कुठं राह्यते? कोन्या दुकानदारानं मले कधी सांगतलं नाही का मी इतर विकतो."

"तुमी कुटार म्हनायले पायजे होतं!"

"तुमी कुठं म्हटलं?"

आमचं चांगलं तासभर चाललं. ओट्यासमोर माणसं जमली. मी जे जे बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिलं तरी मागे घेणार नाही. शेवटी साडभाऊ उठले, घरात गेले आणि चपला घालून आले. "चाला पुन्याले," म्हणाले, "वस्तू दाखवू. पाह्यल्यावर तं समजंन."

आम्ही पोतंभर पांढरा कोळसा घेऊन पुण्याला गेलो. रात्रभराच्या बसमध्ये ते पोतं साडभाऊंच्या पायांशी होतं. मॅडमच्या काचेच्या ऑफिसच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं, यात काय आहे? मी तोंड उघडायच्या आत साडभाऊ म्हणाले, "कोयसा." पहारेकरी म्हणाला, आत नेता येणार नाही. मी कपाळाला हात लावला. शेवटी मॅडम स्वतः खाली आली, आम्हाला वर घेऊन गेली. साडभाऊंनी एक कांडी काढली आणि तिच्या गुळगुळीत टेबलावर दोन्ही हातांनी मोडली. कुटाराचा भुगा पसरला, सोयाबीनच्या शेंगेची सालं निघाली, पऱ्हाटीचा एक बारीक तुकडा घरंगळत तिच्या कीबोर्डापाशी गेला.

"हे पाहा बाई. सोयाबीनची शेंग. हे पऱ्हाटी. याले कोयसा कोन म्हनते?"

मॅडमने तो तुकडा उचलून पाहिला. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, काका."

माझ्याजवळ या वाक्याला द्यायला दहा उत्तरं होती. साडभाऊंनी टेबलावरचा भुगा तळहाताने गोळा केला, एका बाजूने, नीट, एक कणही खाली पडू न देता, आणि परत पोत्यात टाकला. मॅडम चांगली बाई आहे. तिने चहा मागवला, पुढच्या खेपेपासून नाव दुरुस्त होईल म्हणाली, कुटार कुठल्या शेतातलं याचा पुरावा जोडा म्हणजे भट्टी शून्य धरतील. या हंगामाची ऑर्डर मात्र गेली ती गेली. मी विचारलं, चूक कोणाची? ती म्हणाली, यादीत होतं ते मी निवडलं. यादी कोणी केली? गिऱ्हाईकाच्या माणसांनी पाठवली. त्यांना कोणी सांगितलं? तिने खांदे उडवले. "सर, सिस्टीमच तशी आहे." मी म्हणालो, ही सिस्टीम कोणाची पोर आहे, तिच्या बापाचा फोन नंबर द्या. तिला हसू आलं. मला आलं नाही.

परतताना साडभाऊ खिडकीशी बसले होते. मेहकर मागे पडलं तेव्हा म्हणाले, "वजन बराबर होतं शेठ. नाव चुकलं. नावाले बी तोल असते, हे मले एवढ्या नौकरीत कोनं सांगतलंच नाही." मी भांडायच्या तयारीत होतो, माझ्या तोंडात शब्द तयार होते, पण समोरचा माणूसच भावाला बसत नव्हता. पहिल्याच आकड्याला कबूल झालेल्या माणसाशी काय घासाघीस करणार?

त्याला आता काही महिने झाले. आमच्या कारखान्यात एक पाळी बंद आहे. मी नागपूरला जातो, संभाजीनगरला जातो, देशातलीच गिऱ्हाइकं बघतो, पुण्याला दर आठवड्याला फोन करतो, आणि घरी आलो की बायको म्हणते, जरा टेका. टेकवत नाही. परवा मेव्हणीचा फोन आला. मला वाटलं माझ्यावर तक्रार. तर म्हणाली, "भाऊजी, एक डाव येऊन जा. हे बजारात जातात अन् बाई जे देईन ते घेऊन येतात. काही बोलत नाहीत. परवा वांगेवालीच घरी आली होती इचाराले, भाऊची तब्येत बराबर हाये ना म्हणून. म्हने, म्या मुद्दाम कमी तोललं, तरी काही बोलले नाहीत." मी फोन ठेवला आणि दिवसभर मला कशाचाच धड भाव करता आला नाही. सळईवाल्याने सांगितला तो आकडा मी तसाच हो म्हणालो. त्यालाच धक्का बसला.

म्हणून मी हे लिहितो आहे. ऑर्डरचं मी बघून घेईन. ती मी भांडून, चहा पिऊन, उठून, बसून परत आणीन, ते माझं कामच आहे. पण जगातल्या सगळ्या जळणाची यादी करताना जो कोणी शेवटी 'इतर' हा शब्द लिहून मोकळा झाला, मग तो युरोपात बसलेला असो नाही तर पुण्यात, त्याला माझं सांगणं आहे. माझा साडू चुकला, असं त्याला वाटून राहिलं आहे. तो चुकला नाही. त्याने शेवटच्या पोत्यापर्यंत खरं मोजलं, आणि मोजलेलं ठेवायला तुमच्याकडे जागा नव्हती. तर मग तुम्ही या वाशीमला, केनवडची एसटी धरा, त्याच्या ओट्यावर त्याच्या समोर बसा, आणि हे तुमच्या तोंडाने त्याला सांगा. मी सांगून तो ऐकत नाही. मी भाव करणारा माणूस, माझ्या शब्दाचा त्याला भरवसा नाही. कोण येणार आहे, बोला.